डोळ्यातलं विरजण

माझी जीभ आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. फटकळ म्हणून तर होतीच, पण त्याहून जास्त डोळ्यातली घाण काढणारी म्हणून. मळणीच्या दिवसांत बाजरीचं कुसळ कुणाच्या डोळ्यात गेलं, की माणूस एका हातानं डोळा दाबून थेट आमच्या ओट्यावर यायचा. मी मिठाच्या पाण्यानं चूळ भरायचे, त्याचं डोकं मांडीवर घ्यायचे, पापणी उलटी करायचे आणि जिभेचं टोक आतून फिरवायचे. बोटाला जे कळत नाही ते जिभेला कळतं. कुसळ निघालं की तळहातावर थुंकून त्याला दाखवायचे, म्हणजे त्याची खात्री पटायची. तिसगावच्या बाजारापर्यंत माझं नाव होतं. हे काम मी माझ्या आईकडून शिकले आणि पुढे माझ्या धाकट्या जावेला शिकवलं. कुणाला काही झालं असं कधी कानावर आलं नाही. आता वाटतं, काही झालं असेल तर तो माणूस आम्हाला सांगायला कशाला येईल? तो दवाखान्यात गेला असेल.

माझा डावा डोळा लहानपणीच गेला. त्यात फूल पडलं आणि त्या बाजूचं जग तेव्हापासून बंद आहे. लग्न, पोरंबाळं, शेती, सगळं मी उजव्या डोळ्यावर केलं. सुईत दोरा ओवला, गहू निवडला, रात्रशाळेत न जाता चौथीपर्यंतचं वाचन टिकवून ठेवलं. मग त्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू आला. भाकरी करपली ती वासानं कळायला लागली. तेव्हा मुलगा मला नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मला डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची टिकली दिसली. मी मुलाला म्हटलं, "तुझे केस पांढरे झाले की रे." तो म्हणाला, "आई, चार वर्षं झाली." घरी सोडताना त्यांनी छापील कागद दिला आणि वाचूनही दाखवला. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. चोळायचा नाही. डोक्यावरून अंघोळ करायची नाही. चुलीपुढं बसायचं नाही. तेल, मध, दूध काही घालायचं नाही. थेंब वेळेवर घालायचे. जीभ लावू नका, असं त्या कागदावर नव्हतं. कोण लिहील असलं?

पाचव्या दिवशी शेजारच्या वावरात मळणीयंत्र आलं. मी काळा चष्मा लावून दारात बसले होते. आत बसायला सांगितलं होतं, पण पाच दिवस आत बसून माझं डोकं फिरलं होतं. भूस उडालं आणि थोड्या वेळानं डोळ्यात खुपायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की थोडं खुपेल, ते जखम भरतानाचं असतं. पण मला वाटलं, खुपण्यातलं मला जेवढं कळतं तेवढं त्यांना काय कळणार? हे कुसळच आहे. मी जावेला हाक मारली.

जाऊ आली, बघितलं आणि मागं सरकली. "बाई, मशीन मारलेल्या डोळ्यात मी जीभ घालत न्हाई."

"का? डोळा तोच हाय."

"काय झालं म्हंजी? उद्या तुमचा ल्योक माझ्या नावानं वराडंल."

"त्याला कोन सांगतंय? आन् तुला शिकवलं कुनी? मला सोताला सोताच्या डोळ्यात जीभ घालता आली असती तर तुला बोलावलं नसतं."

ती बिचारी माझ्यापुढं कधीच टिकली नाही. तिनं चूळ भरली. मीठ टाकायचं विसरली. सकाळची मिश्री अजून तिच्या दातांच्या फटीत होती, आणि मागची एक दाढ किडून महिना झाला होता. ते मला माहीत होतं. वासही आला होता. तरी मी डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं जीभ फिरवली, तळहातावर थुंकली, बघितलं. "काय न्हाई, बाई."

"नीट बघ."

"न्हाईच काय. नुसती लाळ हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यात ठणका सुरू झाला. संध्याकाळपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे गेले, मग कॅलेंडर गेलं. दुधावर साय धरावी तसं सगळ्यावर काहीतरी पांढरं धरत चाललं होतं. सून म्हणाली, डोळे आले असतील, गुलाबपाणी घालू. मी म्हटलं, "गुलाबपाणी तुझ्या लग्नात शिंपडून झालं. गाडी काढायला सांग." मुलगा शेजाऱ्याची जीप घेऊन आला आणि आम्ही नगरला निघालो. तेवढं एक मी लगेच केलं. रडत बसले नाही, उद्यावर टाकलं नाही. बाकीच्या मूर्खपणात तेवढंच माझ्या नावावर जमा धरावं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं. मग माझ्यासमोर हात धरला. "किती बोटं, आजी?"

"हात कुठंय ते सांगा आधी."

त्यांनी बॅटरी मारली. उजेड कळला, तेवढाच.

"आजी, डोळ्याच्या आत पू झालाय. डोळे येतात तसं हे नाही. ते वरवरचं असतं. हे आत शिरलंय."

"जाईल का डोळा?"

"जाऊ शकतो. मी तो जाऊ देणार नाही असं वचन देत नाही. पण तुमचा हा एकच आहे हे मला माहीत आहे, म्हणून आजच हात घालते."

मला ती बाई तिथंच आवडली. लोणी लावून बोलली नाही.

त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. डोळ्याच्या आत काचेसारखा स्वच्छ गर असतो. त्यात रक्त फिरत नाही, त्यामुळं शरीराचे राखणदार तिथं लवकर पोचत नाहीत. बाहेर जे जंतू निरुपद्रवी असतात, ते त्या गरात गेले की वाढतात. कोमट दुधात बोटभर विरजण पडलं तर सकाळी सगळी चरवी दही होते, तसं. आयुष्यभर मी विरजण लावलं. कधी लागलं नाही म्हणून चिडले, कधी फार आंबट झालं म्हणून चिडले. यावेळी ते माझ्या डोळ्यात लागलं होतं आणि चांगलं घट्ट लागलं होतं.

मग त्यांनी एकेक विचारलं. "डोळ्यात पाणी गेलं?"

"न्हाई."

"माती? शेण? तेल?"

"न्हाई."

"तुम्ही हात लावला? चोळला?"

"न्हाई म्हटलं की."

सगळी उत्तरं खरी होती. जिभेचं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे मी सगळ्यांना सांगत फिरले, की जावेला मुलाच्या शिव्यांपासून वाचवायचं होतं. ते खोटं आहे. मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. पन्नास वर्षं लोकांच्या डोळ्यांतलं काढणारी बाई स्वतःच्या डोळ्यात घाण घालून घेऊन आली, हे त्या पांढऱ्या कोटांपुढं माझ्या तोंडातून निघेना.

त्याच रात्री त्यांनी डोळा बधिर केला, सुईनं आतला थेंबभर द्रव ओढून घेतला आणि त्याच जागेतून औषध आत सोडलं. सुई दिसली नाही, डोळ्यावर नुसता दाब कळला. भ्याले का? भ्याले. पण हलले नाही. तो थेंब तपासणीला गेला. त्याला एका ताटलीत खाऊ घालून वाढवायचं आणि कुठल्या जातीचा जंतू उगवतो ते बघायचं, असं असतं म्हणे. दोन-तीन दिवस लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गडबड होती. माझ्याबरोबर त्याच दिवशी ज्यांची ज्यांची ऑपरेशनं झाली होती, त्या सगळ्यांना फोन करून तपासायला बोलावलं होतं. ऑपरेशनची खोली बंद केली होती आणि त्या दिवशीच्या लोकांना परत पाठवत होते. माझ्या खाटेशेजारच्या बाकावर मिरजगावची एक बाई बसली होती. तिचा डोळा चांगला होता, पण भीतीनं ती दर दोन मिनिटांनी मला विचारायची, "मावशी, तुमाला आधी खुपलं का आधी लाल झालं?" मी कूस बदलली.

बाहेर माझा मुलगा आवाज चढवून बोलत होता. "तुमच्या सुया घान हायेत! माझ्या आईचा एकुलता डोळा हाय, कळतं का तुमाला?" डॉक्टरीणबाई शांत आवाजात उत्तर देत होत्या. "आमची चूक असेल तर ती आम्हीच शोधून काढू. म्हणूनच खोली बंद केलीय."

मग त्या आत आल्या, माझा डोळा बघितला. रात्रीतून काही फरक नव्हता. असलाच तर वाईटाकडं. त्यांनी स्टूल ओढलं आणि मुलालाही आत बोलावलं.

"मी अडचणीत आहे, ते तुम्हाला स्पष्ट सांगते. ताटलीत अजून काही उगवलं नाही. आत काय आहे त्यावर औषध ठरतं. कातडीवरचे, पापणीवरचे जंतू असतील तर काल दिलेल्या औषधानं ते आटोक्यात येतात, थोडी वाट बघता येते. धुळीतली, भुसातली बुरशी असेल, शिळ्या भाकरीवर येते तशी, तर औषध एकदम वेगळं. सूज उतरवायला मी जे देते त्यानं बुरशी उलट माजते. आणि तोंडातले जंतू असतील तर वाट बघायचीच नाही. ते सगळ्यात वाईट, डोळा दोन-तीन दिवसांत खाऊन टाकतात. आमच्या एका नर्सचा मास्क त्या दिवशी नाकाखाली होता का, हे मी सकाळपासून विचारतेय. ती रडतेय."

मला त्या नर्सची दया आली आणि म्हणून मी बोलले, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण माझ्या कानात एकच वाक्य बसलं होतं. दोन-तीन दिवसांत खाऊन टाकतात. त्यातला एक दिवस गेलाच होता. लाज धरून बसले असते तर लाज राहिली असती आणि डोळा गेला असता. मला डोळा हवा होता.

मी म्हटलं, "बाई, तुमी पानी विचारलं, माती विचारली, तेल विचारलं. जीभ न्हाई विचारली."

"काय?"

"जीभ. माझ्या जावंनं डोळ्यात जीभ फिरवली. कुसळ काढाया. मीच सांगितलं तिला."

मग मुलगा म्हणाला, "कवा?"

"तू पोत्यावर बसून मोबाईल बघत हुतास तवा."

"आई, आगं तू वेडी हायेस का गं?"

"व्हय. पुढं बोला, डॉक्टरीणबाई."

त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्या पुढे वाकल्या आणि भराभर विचारायला लागल्या. किती दिवस झाले? एकदाच का दोनदा? पापणी उलटी केली का, दाबली का? तिला दातांचा काही आजार आहे का? मी दाढेचं सांगितलं, मिश्रीचं सांगितलं, मीठ विसरल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनची चीर इतकी बारीक असते की आम्ही टाका घालत नाही, ती आपोआप जुळते. पण पाचव्या दिवशी पुरती जुळलेली नसते. पापणी दाबली की डोळा थोडा चेपतो, सोडला की वरचं पाणी आत ओढून घेतो. लाळही तशीच गेली."

मग त्या उठल्या, दारातल्या मदतनीस ताईकडं वळल्या. "ताटलीची वाट नाही बघायची. आज दुपारीच आतला सगळा नासलेला गर काढून धुऊन टाकायचा. ताई, त्या नर्सला सांग, डोळे पूस आणि तयारीला लाग."

कागद पुढं आला. मुलगा शाईचा डबा शोधायला लागला. मी म्हटलं, "पेन दे." दिसत नव्हतं, पण सही हाताला पाठ आहे. वाकडी झाली, पण झाली.

ते ऑपरेशन मी जागेपणी ऐकलं. डोळा बधिर होता. आत काहीतरी बारीक घुरघुरत होतं, पीठ दळताना लांबून गिरणी ऐकू यावी तसं. मधेच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, पडदा दिसतोय मला. अजून लाल आहे, जिवंत आहे." मी म्हटलं, "मंग ऱ्हाऊ द्या तसाच." त्या हसल्या आणि परत कामाला लागल्या.

तिसऱ्या दिवशी ताटली बोलली. तोंडातलेच जंतू निघाले. आत सोडलेलं औषध त्यांना लागू पडणारं आहे, हेही त्या ताटलीवरच ठरलं. मिरजगावची बाई त्याच दिवशी घरी गेली. जाताना माझ्याजवळ आली. मला वाटलं शिव्या देणार, आणि द्यायलाही हव्या होत्या. ती म्हणाली, "मावशी, माझ्या सासूनं पन उद्या जीभ घालायची ठरवली हुती. वाचले बघा." ऑपरेशनची खोली उघडली. मुलानं डॉक्टरीणबाईंची माफी मागितली. तो माफी मागतो तेव्हा तोंड भिंतीकडं करतो. पण मागितली.

जाऊ चौथ्या दिवशी भाकरी आणि पिठलं घेऊन आली. दारातच थांबली, तोंडाला पदर घट्ट बांधलेला.

"आत ये की."

"नगं. माझ्या तोंडातलंच हुतं म्हनं ते."

"तुझ्याच."

"बाई, मी रोज मिश्री लावते! दोन येळा!"

डॉक्टरीणबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचं एकटीचं तोंड घाण नाही. माझ्याही तोंडात आहेत ते जंतू. घासलेल्या तोंडातही असतात, तिथंच राहतात, तिथं काही करत नाहीत. मिठाच्या चुळीनं ते जात नाहीत."

हे माझ्यासाठीच होतं. पन्नास वर्षं मी त्या मिठावर भरवसा ठेवला. जाऊ माझ्याकडं बघायला लागली आणि हळूच म्हणाली, "म्हंजी बाई, तुमी पन तेच करीत हुता." मी म्हटलं, "व्हय. पिठलं वाढ." तिनं पुढच्याच आठवड्यात दाढ काढून घेतली. डोळ्यातलं काढायचं तिनं सोडलं आणि मी तर सोडलंच. तरी एक-दोघं आलेच. "आता असं काय करता आज्जी, तुमच्या हाताला गुन हाय." मी म्हटलं, "हाताला आसंल, जिभेला न्हाई. सोच्छ पान्यानं धू, न्हाई निघालं तर दवाखान्यात जा." एक जण रागावून गेला. जाऊ दे. त्याचे दोन्ही डोळे आहेत, त्याला परवडतं रागावणं.

डोळा एकदम उघडला नाही. आधी उजेड वाढला. मग खिडकीची चौकट कळली, मग सुनेच्या साडीचा रंग. थेंब मी घड्याळ लावून घातले, एकही चुकवला नाही. दीड महिन्यानं तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला एक गंमत दाखवते." शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला त्यांनी ती ताटली फ्रीजमध्ये ठेवली होती. झाकण चिकटवून बंद केलेली, तळहाताएवढी. त्यांनी ती उजेडासमोर धरली.

तांबडा थर होता, आणि त्यावर खसखशीच्या दाण्यांहून बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्याभोवती हिरवट कड होती. मी ती कड बघितली. ठिपके मोजायला लागले आणि बावीसवर थांबले, कारण पुढचे एकमेकांना चिकटले होते.

"दिसतायत?"

"दिसतायत. हेच व्हय ते?"

"हेच. त्या एका थेंबातले."

जे माझा डोळा खायला आले होते त्यांच्याकडं मी त्याच डोळ्यानं चांगलं पाच मिनिटं बघितलं. ते मेलेले होते आणि मी बघत होते. मला इतकं बरं वाटलं, की नातवंडं झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. सुनेला हे सांगू नये.

मग भिंतीवरची पाटी. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, चित्रांची पाटी लावू का?"

"का? चौथी पास हाय मी. अक्षरं लाव."

वरची ओळ वाचली. दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथीला 'घ' का 'ध' त्यात अडखळले, पण 'ध' म्हटलं आणि तो 'ध' होता. पाचवी अंधुक होती. सहावी गेली. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर लिहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "मला एवढं अपेक्षित नव्हतं, आजी. खरं सांगते." मी म्हटलं, "मलाबी न्हवतं. पन आता घेतलंय तर परत देनार न्हाई."

बाहेर मुलानं हात धरला. मी सोडवून घेतला. एसटी स्टँडपर्यंत मी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत गेले. चपलांचं दुकान, बियाणं, घड्याळ दुरुस्ती, उसाचा रस, इथे लघवी करू नये.

"आई, गप की आता. लोक बघायलेत."

"बघू दे. मीबी बघतीये."

स्टँडवर गाडी लागलेली होती आणि माणसं दाराशी रेटत होती. मुलगा पिशवी घेऊन पळाला, एक पाय पायरीवर टाकला आणि मला ओरडला, "ये लवकर, पाथर्डीची हाय!" मी होते तिथंच उभी राहिले आणि गाडीच्या कपाळावरची पाटी वाचली. पाथर्डी होतं, पण त्याखाली बारीक अक्षरांत विनाथांबा होतं.

"उतर खाली," मी म्हटलं. "ती तिसगावला थांबत न्हाई."

त्यानं मान वर करून पाटी बघितली आणि गपचूप उतरला. मागच्या फलाटावर आमची गाडी उभी होती. मी पुढं चालायला लागले, तो पिशवी घेऊन माझ्या मागून.